विश्लेषण : दहावीची ‘सरासरी’ आणि भुकेचे गणित, डॉ. पांडुरंग सुखात्मे यांनी नेमके काय केले?

केळापूर तालुक्यातील कोणत्याही अंगणवाडीत महिन्यातून एकदा मुलांची वजने, उंची घेतली जाते. सेविका मोबाइलवर आकडे भरते आणि काही क्षणांत मूल ‘सर्वसाधारण’, ‘मॅम’ की ‘सॅम’ हे समोर येते. त्या एका शब्दावर बरेच काही अवलंबून असते. पोषण आहार वाढवायचा का, मुलाला पुनर्वसन केंद्रात पाठवायचे का, तालुक्याच्या अहवालात किती कुपोषित दाखवायचे, हे सारे त्यावरून ठरते. ही रेषा कोणी, कशी आखली? तिच्यामागे आहे सरासरी आणि विचलन यांचे गणित. अन्न आणि आरोग्याच्या प्रश्नांत हे गणित ठामपणे आणणाऱ्यांमध्ये सातारा जिल्ह्यातील एक संख्याशास्त्रज्ञ होते : डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा औषधनिर्माता व्हायचे स्वप्न पाहणाऱ्या हायस्कूलच्या मुलांना गणित का आणि कसे शिकवावे, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते.

कोण होते सुखात्मे?

सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. प्राथमिक शिक्षण गावात, पुढचे पुण्यात. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये ते पदवीधर झाले. मुख्य विषय गणित होता. त्यानंतर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गेले. रोनाल्ड फिशर, येर्झी नेमन, एगॉन पिअर्सन ही आधुनिक संख्याशास्त्राची पायाभरणी करणारी माणसे त्या काळात तिथेच होती. सुखात्मे यांना १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. मिळाली. संशोधनाचा विषय पूर्णपणे शुद्ध गणिताकडे झुकणारा होता. भूक, शेती किंवा आजार यांच्याशी त्याचा थेट संबंध नव्हता.

भारतात परतल्यावर ते कोलकात्याच्या अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले. सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्या डॉक्टरांना आकडेवारी शिकवण्याचे हे काम. साथीत मृत्यू वाढले की घटले, लस उपयोगी पडली की नाही, हे केवळ अनुभवावर न सोडता मोजून कसे सांगायचे, हा त्याचा गाभा. तिथे ते फार काळ राहिले नाहीत. पण गणित आणि आरोग्य यांची त्यांच्या आयुष्यातील गाठ इथे पडली आणि पुढे ती घट्ट होत गेली.

पीक कापणी प्रयोगाशी त्यांचा संबंध काय?

१९४० पासून सुखात्मे कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. ते दशक अन्नटंचाईचे होते. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. देशात धान्य किती पिकते, याचे आकडे मात्र बहुतांशी नजरअंदाजावर ठरत. अमुक तालुक्यात पीक सोळा आणे, तमुक तालुक्यात दहा आणे, अशी ही पद्धत होती. सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यादृच्छिक नमुना पद्धतीने पीक कापणीचे प्रयोग देशभर रुजवले. गाव चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे, शेत तसेच निवडायचे, शेतातील ठरावीक मापाचा तुकडाही तसाच ठरवायचा आणि तेवढाच कापून तोलायचा. आज पीक विम्याच्या भरपाईसाठी गावोगावी जे पीक कापणी प्रयोग होतात, त्यांचे मूळ या कामात आहे. कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या केळापूरच्या शेतकऱ्याला ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

यात सुखात्मे यांनी एक बारकावा दाखवून दिला. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादनाचा अंदाज फुगतो. कडेवरचे झाड आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की मोजणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो. तुकडा लहान असेल तर क्षेत्राच्या मानाने कड मोठी, म्हणून चूकही मोठी. यावरून त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाद झाला. मोजमापातील छोटी सवय लाखो टनांची चूक कशी घडवते, हा धडा पुढे माणसांची भूक मोजताना त्यांच्या कामी आला.

भुकेची मोजणी कुठे चुकत होती?

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, रोमला गेले. तिथल्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी सुमारे दोन दशके सांभाळली. त्या काळात जगातील दोनतृतीयांश लोक उपाशी आहेत, असे सर्रास सांगितले जाई. सुखात्मे यांनी या आकड्यामागचे गणित तपासले.

त्यांचा मुद्दा दहावीच्या वर्गातही समजेल असा आहे. समजा, एखाद्या गटातील निरोगी प्रौढांची दिवसाची सरासरी गरज २,४०० कॅलरी आहे. (समजण्यासाठी घेतलेला आकडा.) आता २,४००पेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी म्हटले तर काय होईल? सरासरी म्हणजेच काहींची गरज तिच्याहून जास्त आणि काहींची कमी. सगळे आपापल्या गरजेइतके पोटभर जेवत असतील, तरी जवळपास अर्धे लोक त्या रेषेखाली येतील आणि उपाशी ठरतील. सडपातळ बांध्याची, बैठे काम करणारी बाई आणि दिवसभर कापूस वेचणारा गडी यांना एकच फूटपट्टी लावल्याचा हा परिणाम.

म्हणून केवळ सरासरी पुरेशी नाही. आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत हेही पाहावे लागते. या पसाऱ्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. वरच्या उदाहरणात ते ४०० धरले आणि रेषा सरासरीच्या दोन विचलने खाली, म्हणजे १,६०० वर आणली, तर पोटभर जेवणाऱ्या शंभर जणांतील फार तर दोन-तीन जण चुकून उपाशी गणले जातील. त्या रेषेखालचे बाकीचे बहुतेक खरोखरच अर्धपोटी असतील.

याच विचारावर सुखात्मे यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत जगाच्या भुकेवर निबंध मांडला. जगातील दहा ते पंधरा टक्के लोकांना पुरेशा कॅलरी मिळत नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. अन्नाचा कस धरला तर भूक किंवा कुपोषण सोसणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते, हेही त्यांनी नोंदवले. पोट न भरणे आणि निकस खाणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. भुकेल्यांचे जागतिक प्रमाण काढण्याची अन्न व कृषी संघटनेची आजची पद्धतही त्यांच्या त्याच मांडणीतून वाढलेली आहे.

‘प्रथिनांच्या तुटवड्या’वर त्यांचे म्हणणे काय होते?

१९६०च्या दशकात गरीब देशांचे मुख्य दुखणे प्रथिनांचा तुटवडा आहे, असे मानले जात होते. त्यावर प्रथिनयुक्त खास पदार्थ, पावडरी असे उपाय सुचवले जात. सुखात्मे यांनी आहाराचे आकडे मांडून दाखवले, की ज्यांच्या आहारात प्रथिने कमी दिसतात त्यांच्यापैकी बहुतेकांना मुळात अन्नच अपुरे मिळते. शरीराला ऊर्जा कमी पडली की ते प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. ज्वारी आणि डाळीचे रोजचे जेवण पोटभर मिळाले, तर प्रथिनांची गरजही बरीचशी भागते. डॉ. सी. गोपालन यांच्यासारखे आहारशास्त्रज्ञही याच बाजूचे होते. इथे गणिताने खर्चाची दिशा बदलण्यास मदत केली : महागड्या डब्याआधी ताटातील भाकरी-वरण.

पुण्यातील वाद कशावरून पेटला?

१९७१ मध्ये सुखात्मे यांना पद्मभूषण मिळाले. रोमहून परतून ते पुण्यात स्थायिक झाले आणि महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी या संस्थेतून काम करू लागले. त्याच वर्षी वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. माणशी दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील इतका खर्च, ही त्यांची दारिद्र्याची कसोटी. सुखात्मे यांचा आक्षेप तोच होता : सरासरी गरज ही किमान गरज नव्हे.

ते आणखी एक पाऊल पुढे गेले. अमेरिकेतील शेल्डन मार्गेन यांच्यासोबत त्यांनी मांडले, की एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते. अन्न थोडे कमी झाले तर शरीर एका मर्यादेपर्यंत ते अधिक काटकसरीने वापरते आणि समतोल राखते. ही मांडणी सुखात्मे-मार्गेन गृहीतक म्हणून ओळखली जाते. ती मान्य केली तर उपाशी ठरणाऱ्यांची संख्या बरीच खाली येते.

इथेच कडाडून विरोध झाला. दांडेकरांनी ही मांडणी स्वीकारली नाही. प्रथिनांच्या वादात सुखात्मे यांच्या बाजूने असलेले गोपालनही या वेळी विरोधात होते. कमी अन्नाशी शरीराने जुळवून घेणे म्हणजे निरोगी असणे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. खुरटलेली उंची आणि कमी झालेली कामाची ताकद ही त्या जुळवणुकीची किंमत असते. रेषा फार वर ठेवली तर धडधाकट माणूस उपाशी गणला जातो. फार खाली ठेवली तर खरा उपाशी यादीतून गायब होतो. पहिल्या चुकीत पैसा वाया जातो, दुसरीत माणूस. हा वाद पूर्णपणे मिटला नाही. सुखात्मे यांनी स्वतः पुढच्या काळात स्वच्छ पाणी आणि शौचालयांवर भर दिला. वारंवार हगवण होणाऱ्या मुलाच्या अंगी खाल्लेले लागत नाही, हे त्यामागचे कारण. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने केंद्र सरकार संख्याशास्त्रातील कामगिरीसाठी राष्ट्रीय पुरस्कार देते.

अंगणवाडीच्या आकड्यात हे गणित कुठे दिसते?

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालकांच्या वाढीची मानके जाहीर केली. उंचीच्या मानाने वजन मध्यमानापासून उणे दोन ते उणे तीन विचलनांच्या दरम्यान असेल तर मूल ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषित; उणे तीनच्याही खाली असेल तर ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तरी ते ‘सॅम’ गणले जाते.

निरोगी, पोटभर खाणाऱ्या मुलांतही शंभरात दोन-तीन मुले उणे दोनच्या खाली असतातच. म्हणजे ४० मुलांच्या अंगणवाडीत असे एखादे मूल सापडले तर त्याची तपासणी करायची, पण गाव कुपोषित आहे असा निष्कर्ष काढायचा नाही. त्याच ४० मुलांत आठ सापडली, तर मात्र प्रश्न एका घराचा नाही, वस्तीचा आहे. कोलाम पोडांवर काम करणाऱ्या सेविकेला आणि आरोग्यसेविकेला हा फरक ओळखता यायला हवा. त्याचप्रमाणे, वजनकाटा शून्यावर न आणता तोलले किंवा उंची मोजताना मूल वाकले, तर चूक सगळ्या यादीभर पसरते. सुखात्मे यांनी शेताच्या कडेवर दाखवलेली चूक ती हीच.

हायस्कूलमध्ये काय शिकवता येईल?

नर्सिंगकडे वळणारी अनेक मुले दहावीनंतर गणित सोडून जीवशास्त्र घेतात. एएनएमसाठी तर बारावीची कोणतीही शाखा चालते. म्हणजे उद्याच्या अनेक परिचारिकांसाठी दहावीचा गणिताचा तास हा शेवटचा असतो. तो केवळ सूत्र पाठ करण्यात गेला, तर नुकसान पुढे रुग्णाचे होते.

पांढरकवड्यातील किंवा आसपासच्या शाळेत यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. अभ्यासक्रमातील धड्यांनाच दवाखान्यातील उदाहरणे जोडता येतात :

गुणोत्तर व प्रमाण : ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचे आहे आणि नळीतून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. एकूण थेंब १०,०००, मिनिटे २४०. म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब.

एकके : ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम. दशांशचिन्ह एक घर सरकले की औषध दहापट होते.

सांख्यिकी : वर्गातील सर्वांची उंची मोजून सरासरी आणि मध्यक काढायचा. मग विचारायचे, सरासरीपेक्षा बुटके असलेले सगळे कुपोषित का? उत्तर शोधताना आकड्यांचा पसारा आपोआप समजतो.

मोजमापातील चूक : एकाच विद्यार्थ्याचा दंडघेर पाच जणांनी वेगवेगळा मोजायचा आणि पाच आकडे फळ्यावर मांडायचे.

संभाव्यता : दहा वेळा चिठ्ठ्या टाकून पाच-पाच जणांचे नमुने काढायचे आणि प्रत्येकाची सरासरी किती बदलते ते पाहायचे. पीक कापणी प्रयोगात शेत चिठ्ठीने का निवडतात, हेही त्यातून कळते.

बुधसारख्या गावातून निघालेल्या गणिताच्या विद्यार्थ्याने जगाची भूक मोजायची रीत बदलली. त्यांची रेषा बरोबर होती की फार खाली, यावर मतभेद राहतील. पण तो वाद समजून घ्यायला आणि आपल्या गावातील आकड्याला प्रश्न विचारायला जे गणित लागते, ते हायस्कूलच्या वर्गात शिकवता येण्यासारखे आहे.