नियोजनाचे गणित आणि कांतोरोविच

धरण आधी बांधावे की औष्णिक वीजकेंद्र, रेल्वेमार्ग वाढवावा की बंदर, हा पेच कोणत्याही नियोजनकाराला चुकत नाही. पैसा, पोलाद व सिमेंट मर्यादित असतात. मागण्यांना मात्र अंत नसतो. या निवडीला गणिताची शिस्त लावणाऱ्यांत सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच अग्रगण्य होत.

१९१२ साली सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेले कांतोरोविच चौदाव्या वर्षी विद्यापीठात दाखल झाले आणि बाविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. १९३८ च्या सुमारास एका प्लायवुड उद्योगाने त्यांना विचारले, की कोणत्या यंत्रावर कोणते लाकूड किती वेळ चालवले असता उत्पादन सर्वाधिक होईल? पर्याय असंख्य, एकेक तपासणे अशक्य. कांतोरोविचांनी प्रत्येक दुर्मिळ साधनाला एक अंक दिला. ते साधन एका मापाने वाढल्यास उत्पादन किती वाढेल, हे तो अंक दाखवी. १९३९ साली ही रीत पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. लिनियर प्रोग्रॅमिंग या शास्त्राचा तो आरंभ होय.

महायुद्धाच्या काळात त्यांनी हाच विचार संपूर्ण राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेला लावला. परंतु तो ग्रंथ प्रकाशित व्हावयास १९५९ साल उजाडले. कारण उघड होते. त्यांचे अंक किमतींसारखे दिसत, आणि श्रम हाच मूल्याचा एकमेव आधार मानणाऱ्या अधिकृत सिद्धांताला ते मानवणारे नव्हते. भांडवलालाही मोल आहे, अपुऱ्या बांधकामात वर्षानुवर्षे अडकलेला पैसा फुकटचा नसतो, हे त्यांचे प्रतिपादन तर अधिकच बोचणारे होते. तरीही त्यांनी ते सोडले नाही. पुढे १९६५ साली लेनिन पारितोषिक आणि १९७५ साली, कूपमन्स यांच्यासह, अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. १९८६ साली ते निवर्तले.

आज संगणक लक्षावधी अज्ञात राशींचे गणित अल्पावधीत सोडवतो. परंतु यंत्र दिलेल्या आकड्यांवरच चालते. रखडलेल्या धरणात गुंतलेल्या पैशाचे मोल शून्य धरले, बुडणाऱ्या जमिनीची किंमत जाणूनबुजून कमी लिहिली, तर येणारे उत्तर गणिताने बिनचूक आणि व्यवहारात अन्यायाचे ठरेल. साधनांचे खरे मोल मांडण्याचे धैर्य राज्यकर्त्यांनाच दाखवावे लागते; कांतोरोविचांच्या चरित्राचा बोध हाच आहे.