बुटांच्या कारखान्यातून चंद्रावर

ज्यॉर्ज मेलिएस हे नाव आपल्या कॉलेजात किती जणांना माहीत असेल कोण जाणे, पण चंद्राच्या डोळ्यात घुसलेला तो तोफेचा गोळा सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलाय. टी-शर्टवर, पोस्टरवर, नाहीतर ‘ह्यूगो’ सिनेमात. सिनेमावाले मेलिएसला आपला मानतात. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. हा माणूस आधी मेकॅनिकलवाला, मग बाकी सगळं. डिग्री नव्हती एवढंच.

जन्म पॅरिसचा, ८ डिसेंबर १८६१. वडिलांचा उंची बूट बनवायचा मोठा कारखाना. पोराला चित्रकला शिकायची होती, वडिलांनी साफ नकार दिला. (ओळखीचं वाटतंय ना?) १८८४ मध्ये त्याला इंग्रजी सुधारायला आणि कारकुनी शिकायला लंडनला धाडलं. तिथे हा पठ्ठ्या इजिप्शियन हॉलमध्ये मॅस्कलिनचे जादूचे प्रयोग बघत बसला. परत आल्यावर कारखान्यातल्या मशिनरीची देखरेख त्याच्या गळ्यात पडली. मला वाटतं तीच त्याची खरी शाळा. यंत्र बंद पडलं की ते उघडायचं, बघायचं, चालू करायचं.

१८८८ मध्ये वडील निवृत्त झाले. मेलिएसनं आपला हिस्सा भावांना विकला आणि त्या पैशातून रोबेर-उदँ थिएटर विकत घेतलं. रोबेर-उदँ हा मूळचा घड्याळजी आणि मग फ्रान्सचा सगळ्यात मोठा जादूगार. त्यानं केलेल्या चावीच्या बाहुल्या, म्हणजे ऑटोमेटा, थिएटरबरोबरच मेलिएसच्या हाती आल्या. त्या दुरुस्त करत करत त्यानं स्वतःचे खेळ रचले. भुतं, उडणारी मुंडकी, गायब होणाऱ्या बायका, सगळं दोर, स्प्रिंग, कप्पी आणि चोरदरवाज्यावर चालायचं.

आपल्या हॉस्टेलच्या गणपतीत हलता देखावा करणाऱ्यांना यातली मजा वेगळी सांगायला नको. भंगारातून आणलेली गाडीच्या वायपरची मोटर, बारा व्होल्टची बॅटरी, मोटरला एक क्रँक, क्रँकला पट्टी, आणि राक्षस मान हलवायला लागतो. मोटर गोल फिरते, मान मात्र इकडून तिकडे. थिअरी ऑफ मशीन्समध्ये फोर बार म्हणून जे आपण रट्टा मारतो ते हेच. मेलिएसकडे वायपरची मोटर नव्हती, पण एका कामासाठी बनलेली वस्तू दुसऱ्याच कामाला जुंपायची खोड अगदी हीच.

२८ डिसेंबर १८९५ ला लुमिएर बंधूंचा चलच्चित्रांचा खेळ झाला तेव्हा तो प्रेक्षकांत होता. त्यानं तिथल्या तिथे यंत्रासाठी दहा हजार फ्रँक देऊ केले. लुमिएर विकेनात. मग त्यानं लंडनच्या रॉबर्ट पॉलकडून प्रोजेक्टर आणला. गंमत पुढे आहे. त्याला हवा होता कॅमेरा, आणि हातात होता प्रोजेक्टर!

आता विचार करा. फिल्म एकेक चौकट थांबत थांबत पुढे सरकवणं, हे काम दोन्ही यंत्रांत सारखंच. पॉलच्या यंत्रात ते माल्टीज क्रॉसनं व्हायचं. फरक उजेडाच्या दिशेचा. प्रोजेक्टरमध्ये मागचा दिवा भिंगातून बाहेर पडतो, कॅमेऱ्यात बाहेरचा उजेड भिंगातून आत येतो. मेलिएसनं यंत्र खोललं, समजून घेतलं, आणि थिएटरातल्या ऑटोमेटांचे सुटे भाग वापरून त्याचा कॅमेरा बनवला. ओतीव लोखंडाचं ते धूड चालताना इतकं खडखडायचं की तो स्वतःच त्याला कॉफीची चक्की म्हणायचा. सप्टेंबर १८९६ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर त्याचं पेटंटही घेतलं. कच्ची फिल्म लंडनहून यायची, तीही भोकं न पाडलेली. डेव्हलपिंग, प्रिंटिंग, सगळं चुकत-माकत घरीच. (पुढे आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या घरीही हीच कथा. तिथे फिल्मला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करायच्या.)

रस्त्यावर चित्रण करताना एकदा कॅमेरा अडकला, मिनिटभरानं चालू झाला, आणि पडद्यावर बघतो तर बसची शववाहिका झालेली! हा किस्सा तो स्वतः सांगायचा. खरा असो नसो, युक्ती खरी आहे. कॅमेरा थांबवा, माणूस हलवा, परत चालू करा. १८९६ मध्ये त्यानं याच युक्तीनं खुर्चीवरच्या बाईचा सांगाडा केला. त्याच वर्षीच्या भुताटकीच्या वाड्याच्या फिल्ममध्ये वटवाघळाचा सैतान होतो. ती जगातली पहिली भयपट समजली जाते, लांबी जेमतेम तीन मिनिटं. पण हातानं फिरवायचा दांडा नेमक्या चौकटीवर कसा थांबणार? नंतरच्या अभ्यासकांनी फिल्म तपासल्या तेव्हा अशा प्रत्येक जागी कापून चिकटवल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे काम कात्री आणि डिंकाचं, नाव जादूचं.

माझी सगळ्यात आवडती फिल्म मात्र रबरी डोक्याची. एक शास्त्रज्ञ टेबलावर स्वतःचंच डोकं ठेवून भात्यानं फुगवतो. डोकं वाढत जातं. मेलिएसनं केलं काय, तर स्वतः चाकाच्या गाडीवर बसला आणि गाडी कॅमेऱ्याकडे ओढवली. जवळ आलं की मोठं दिसणारच. पण मान टेबलावरून खाली घसरताना दिसायला नको, म्हणून रुळ सपाट नाहीत, चढावाचे. वहीच्या मागच्या पानावर समरूप त्रिकोण काढून बघा, चढ का लागतो ते दोन ओळींत निघतं. १९०० च्या एका फिल्ममध्ये तो एकटा सात वादक झालाय. त्यासाठी तीच फिल्म सात वेळा कॅमेऱ्यातून गेली. एकदा मोजणी चुकली की आधीचं सगळं फुकट.

१९०२ ची चंद्रावरची सफर म्हणजे त्याचं शिखर. खर्च दहा हजार फ्रँक. अमेरिकेत ती तुफान चालली, पण चोरलेल्या कॉप्यांवर, त्यात एडिसनची कंपनीही होती. मेलिएसच्या हाती त्यातलं फारसं काही आलं नाही. भाऊ गास्तोंला १९०३ मध्ये न्यूयॉर्कला बसवलं, तोवर उशीर झाला होता.

१९११ मध्ये त्यानं घर आणि मोंत्रयचा स्टुडिओ पाथे कंपनीकडे गहाण टाकून पैसा उचलला. त्यातून उत्तर ध्रुवाची फिल्म काढली. तिच्यात बर्फातला एक अजस्र राक्षस आहे. डोळे फिरवतो, माणसं गिळतो, आणि हे सगळं मागे लपलेली माणसं दोर ओढून करतात. आजही तो बघताना मजा येते. पण १९१२ पर्यंत प्रेक्षक पुढे गेला होता, मेलिएस अजून रंगमंचावरच होता. फिल्म आपटली. १९१३ मध्ये बायको वारली. मग महायुद्ध.

युद्धात फ्रेंच लष्करानं त्याच्या शेकडो फिल्म जप्त केल्या. चांदी काढून घेतली आणि सेल्युलॉइड वितळवून त्याच्या सैनिकांच्या बुटांच्या टाचा केल्या. बूटवाल्याच्या पोराच्या फिल्म! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी रचून सांगतंय.

युद्धामुळे लांबलेली जप्ती १९२३ मध्ये आलीच. स्टुडिओ गेला, रोबेर-उदँ थिएटर रस्तारुंदीत पाडलं गेलं. त्याच वर्षी रागाच्या भरात मेलिएसनं उरलेल्या सगळ्या निगेटिव्ह स्वतःच्या हातानं जाळल्या. पाचशेहून जास्त फिल्म काढलेला हा माणूस पुढे माँपारनास स्टेशनवर खेळणी आणि गोळ्या विकत बसला. दुकानात सोबत होती त्याची जुनी नटी झान दाल्सी, आता दुसरी बायको.

तिथे एका सिनेमा-मासिकाच्या संपादकानं त्याला ओळखलं. १९२९ मध्ये शोधून काढलेल्या काही फिल्मचा मोठा सोहळा झाला. १९३१ मध्ये लीजन ऑफ ऑनर मिळालं, तेही लुमिएरच्या हस्ते. पुढल्या वर्षी ओर्लीला राहायला जागा मिळाली. २१ जानेवारी १९३८ ला तो गेला.

त्याच्या दोनशेच्या आसपास फिल्म आज उरल्यात, त्याही इकडेतिकडे पसरलेल्या कॉप्यांमुळे. चंद्राच्या फिल्मची हातानं रंगवलेली प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनात मिळाली तेव्हा रीळ चिकटून घट्ट गोळा झाला होता. तो सोडवून, एकेक चौकट दुरुस्त करून ती २०११ मध्ये कानला दाखवली गेली.