जिना चढताना दम लागतो का, हे डॉक्टर का विचारतात? त्यामागे आहेत चार्ल्स फ्लेचर

दम लागतो म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे गेलात, तर ते काही साधे प्रश्न विचारतात. जिना चढताना धाप लागते का? सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का? थोडं चाललं की थांबावं लागतं का? या गप्पा नाहीत, हे मोजमाप आहे. आणि ते तयार करणारा माणूस म्हणजे ब्रिटनचे डॉ. चार्ल्स फ्लेचर.

जन्म १९११ चा. वडील ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलचे पहिले सचिव, म्हणजे घरात संशोधनाचंच वातावरण. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसाला गंभीर जंतुसंसर्गावर पेनिसिलिन टोचण्यात आलं, ते फ्लेचर यांच्या हातून. पोलीस सुधारायला लागला आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन काढून पुन्हा वापरलं, तेही पुरलं नाही. महिनाभरात तो गेला.

१९४५ मध्ये फ्लेचर वेल्समधल्या कार्डिफजवळ आले. इथे कोळशाच्या खाणी होत्या आणि धुळीने फुफ्फुसं निकामी झालेले कामगार होते. या आजाराला न्यूमोकोनिओसिस म्हणतात. त्यावरच्या संशोधन केंद्राचे ते संचालक झाले.

अडचण अशी होती की एक्स-रे आणि माणूस यांचा मेळ बसत नव्हता. कुणाच्या एक्स-रेत भरपूर डाग, पण गडी टेकडी चढतोय. कुणाच्या एक्स-रेत फारसं काही नाही, पण त्याला घराबाहेर पडवत नाही. मग कोण किती आजारी, हे ठरवायचं कशावरून? कामगाराची नोकरी आणि नुकसानभरपाई ज्या आजारावर अवलंबून, तिथे हा प्रश्न पोटापाण्याचा होता.

फ्लेचर यांनी उत्तर शोधलं ते रोजच्या जगण्यात. त्यांनी पाच पायऱ्या केल्या. पहिलीवरचा माणूस समवयस्कांसारखाच. दुसरीवरचा सपाटीला बरोबर चालतो, चढ किंवा जिना आला की मागे पडतो. तिसरीवरचा सपाटीलाही मागे पडतो, पण आपल्या चालीने मैलभर जातो. चौथीवरच्याला साधारण १०० यार्डांवर थांबावं लागतं. पाचवीवरच्याला कपडे बदलताना, बोलतानाही धाप लागते. ही मांडणी १९५२ मध्ये छापून आली.

यात गंमत अशी की ही पट्टी श्वास मोजतच नाही. श्वासाने माणसाचं काय काय बंद केलं, ते मोजते. म्हणूनच ती थोडी फसवीही आहे. जिना चढणंच सोडून दिलेला माणूस बिनधास्त सांगतो, मला काही त्रास नाही! शिवाय खोकला, झोप, मनातली भीती याबद्दल ती काहीच विचारत नाही. त्यासाठी पुढे १९९० च्या दशकात लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या नावाची मोठी प्रश्नावली आली, नंतर आठच प्रश्नांची कॅट चाचणी आली.

१९५२ नंतर फ्लेचर लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये होते. १९५८ मध्ये ते थेट बीबीसी टीव्हीवर झळकले. कार्यक्रमात खरे पेशंट, खरी ऑपरेशन्स. लोक घाबरतील म्हणून डॉक्टरांच्या संघटनेने टीका केली, फ्लेचर मात्र पेशंटला आजार समजलाच पाहिजे या मताचे. १९६२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने धूम्रपानाविरुद्ध गाजलेला अहवाल काढला, त्या समितीचे सचिवही तेच.

पण त्यांचं सगळ्यात चिवट काम वेगळंच. लंडनमधल्या ७९२ पुरुषांच्या फुफ्फुसांची ताकद त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आठ वर्षं पुन्हा पुन्हा मोजली. १९७६ मध्ये निष्कर्ष आले. सिगारेट सोडली तर गेलेली ताकद परत येत नाही, पण पुढची घसरण जवळपास न ओढणाऱ्या माणसाइतकी मंदावते. छातीच्या डॉक्टरांना तो आलेख आजही पाठ असतो.

फ्लेचर यांना स्वतःला मधुमेह होता, अर्ध्या शतकाहून जास्त काळ ते इन्सुलिनवर जगले. १९९५ मध्ये ते वारले. त्यांच्या पट्टीचे आकडे आता ० ते ४ असे मोजतात. सीओपीडीच्या पेशंटचा आकडा २ किंवा जास्त आला, तर त्याचा त्रास जास्त धरून औषध ठरवलं जातं.