एन्झो फेरारी आणि मारानेलो गाव

आपल्या बोईसर-तारापूर भागाला कारखान्यांची सवय आहे. कोळगाव, पालघरच्या कितीतरी घरांतले बाबा, काका लेथवर नाहीतर वेल्डिंगवर काम करून रात्री घरी येतात. पण कारखान्यात बनलेल्या गाडीने शर्यत जिंकली म्हणून गावातल्या चर्चची घंटा वाजली, असं कधी ऐकलंय का? इटलीतल्या मारानेलो गावात ती वाजते. वस्ती साधारण सतरा हजार. तिथली लाल गाडी फॉर्म्युला वन शर्यत जिंकली, की सगळ्या गावाला घंटेवरूनच कळतं. हा कारखाना उभा करणारे एन्झो फेरारी यांची आज ओळख करून घेऊ.

एन्झोचा जन्म १८ फेब्रुवारी १८९८ रोजी जवळच्याच मोदेना शहरात झाला. वडिलांचं लोखंडकामाचं वर्कशॉप होतं. एन्झोचं शाळेत काही मन रमेना. (आम्ही शिक्षकांनी हे सांगू नये, पण खरं आहे ते!) त्याला ऑपेरात गायचं होतं, खेळांच्या बातम्या लिहायच्या होत्या, शर्यतीत गाडी चालवायची होती. दहा वर्षांचा असताना वडिलांनी बोलोन्याला मोटारींची शर्यत दाखवली आणि हे तिसरं स्वप्न मनात पक्कं बसलं.

पुढे १९१६ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी मोठा भाऊही गेला. वर्कशॉप बंद पडलं. पहिल्या महायुद्धात एन्झो सैन्यात गेला, तिथे त्याला खेचरांना नाल ठोकण्याचं काम मिळालं. तिथून तो मरणाच्या दारातून परत आला तो आजारी होऊनच. तोरिनोला फियाट कंपनीत नोकरी मागायला गेला, तर नकार मिळाला. थंडीचे दिवस होते. बागेतल्या बाकावर बसून हा तरुण पोरगा एकटाच रडला.

छोट्या कंपनीत काम करत करत १९१९ मध्ये तो शर्यतीत उतरला, मग आल्फा रोमिओ कंपनीसाठी गाड्या चालवू लागला. १९२९ मध्ये त्यांनी स्वतःचा संघ काढला. तुम्ही पाहिलेलं ते उधळलेल्या काळ्या घोड्याचं चिन्ह आहे ना, ते मूळचं पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्चेस्को बाराक्का या वैमानिकाच्या विमानावरचं, बरं का. मागचा पिवळा रंग मोदेना शहराचा.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, बॉम्बच्या भीतीने कारखाना मोदेनाहून मारानेलोला हलवला. पण बॉम्ब तिथेही पडलेच! पुन्हा भिंती उभ्या केल्या. १९४७ मध्ये फेरारी नावाची पहिली गाडी धावली. पहिल्या शर्यतीत ती पुढे असताना मध्येच बंद पडली. दोन आठवड्यांनी रोमला मात्र जिंकली.

आता पुढचं जरा नीट वाचा. १९५६ मध्ये त्यांचा मुलगा आल्फ्रेदो, लाडाने दिनो, स्नायूंच्या आजाराने गेला. वय फक्त २४. पुढच्याच वर्षी १२ मे रोजी हजार मैलांची मोठी शर्यत होती, तीही साध्या रस्त्यांवरून. बैलगाडा शर्यतीला आपल्याकडे लोक जसे दोन्ही कडांना दाटीवाटीने उभे राहतात, तसेच तिथेही उभे होते. भरधाव फेरारीचा टायर फुटला आणि गाडी गर्दीत घुसली. चालक, त्याचा साथीदार आणि नऊ प्रेक्षक मरण पावले. त्या नऊ जणांत पाच लहान मुलं होती. फेरारींवर खटला चालला. १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. माझ्या मते हा प्रसंग गाळून त्यांचं चरित्र शिकवूच नये. निकाल काहीही लागो, त्या पाच घरांत मूल परत आलं नाही.

मारानेलोत आज फेरारींचं संग्रहालय आहे, १९७२ पासूनचा चाचणी ट्रॅक आहे. दिनोच्या नावाची तंत्रशाळाही आहे. ज्यांचं स्वतःचं शाळेत मन रमलं नाही, त्यांनीच ती सुरू करायला हातभार लावला, बघा!

१४ ऑगस्ट १९८८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी फेरारी गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे बातमी अंत्यसंस्कारानंतरच बाहेर आली. त्या मोसमात १६ शर्यती होत्या आणि त्यातल्या १५ मॅक्लारेन संघाने जिंकल्या. उरलेली एक इटलीतच, मोंझाला, ११ सप्टेंबरला झाली. तिथे पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही क्रमांकांवर फेरारीच्याच गाड्या आल्या.