बटाट्यातला शोध

होस्टेलच्या मेसमध्ये बटाटा दिसला की नावं ठेवण्यात मी सगळ्यात पुढे. कमला सोहोनींबद्दल वाचलं आणि जरा गप्प झाले.

कमलाबाई म्हणजे लेखिका दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. जन्म १९११ चा, इंदूरचा. १९३३ साली बी.एस्सी. ला पहिल्या येऊनही बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने त्यांना प्रवेश नाकारला. कारण एकच, त्या मुलगी होत्या. आणि नाकारणारे कोण, तर साक्षात नोबेल विजेते सी. व्ही. रामन! कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रहाची भाषा केली. शेवटी प्रवेश मिळाला, पण एक वर्ष प्रोबेशनवर. त्या वर्षात त्यांनी इतकं काम केलं की रामन यांचंच मत बदललं.

पुढे केंब्रिजला त्यांना बटाट्यात सायटोक्रोम सी सापडलं. मायटोकॉन्ड्रिया पेशीचं पॉवर हाऊस, हे आपण बारावीत पाठ केलंय. त्या पॉवर हाऊसमध्ये इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर पोचवणारं हे प्रथिन. वनस्पतींच्या श्वसनातही त्याचा हात आहे हे कमलाबाईंनी दाखवलं. १९३९ मध्ये पीएच.डी. झाली. प्रबंध अवघा ४० पानांचा! (आमचे सबमिशनवाले सर ऐकतायत ना?)

भारतात परतल्यावर त्यांनी डाळी, दूध आणि नीरा यांवर काम केलं. नीरा आपल्या वर्ध्याला नवी नाही. सेवाग्रामच्या शिंदीच्या झाडांपासून गांधीजींनी गूळ करवून घेतला होता. त्याच नीरेतली पोषकद्रव्यं कमलाबाईंनी प्रयोगशाळेत तपासली. राष्ट्रपतींचं पारितोषिक त्याच कामाचं. १९९८ मध्ये त्या गेल्या.

आज मायटोकॉन्ड्रियाचं संशोधन फार पुढे गेलंय. २०१५ साली मॉट्स-सी नावाचं १६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड सापडलं. ते मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएतून बनतं, व्यायामाने वाढतं. ते दिल्यावर म्हातारे उंदीर जास्त पळाले. माणसांसाठी औषध म्हणून मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. तेव्हा जिमवाल्या मित्रांनो, इंजेक्शनच्या जाहिरातींना भुलू नका, पळायला जा.

मला मात्र ते प्रोबेशनचं वर्ष विसरता येत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये लेथ मुलं चालवतात आणि मुली रीडिंग लिहितात. असं कुणी सांगितलेलं नाही, आपोआप होतं. मीही दोन वर्षं मुकाट्याने रीडिंगच लिहिली.

पुढच्या प्रॅक्टिकलला लेथवर मी उभी राहणार आहे. रीडिंग दुसरं कुणी लिहा.