पाखरांमागे परदेशी : सालिम अली

पालकहो, आपला मुलगा कॉलेज अर्धवट सोडून पाखरांमागे रानोमाळ हिंडू लागला, तर आपण काय म्हणाल? जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचे तरुणपण असेच गेले. 1896 साली मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईबाप लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. सेंट झेवियर्समधील पहिले वर्ष जड गेले, म्हणून 1914 साली ते ब्रह्मदेशात तवाय येथे घरच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यवसायात गेले. व्यवसायाने काही साथ दिली नाही, पण तिथल्या दाट जंगलाने पक्षी दाखविले.

परत आल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला, मात्र विद्यापीठाची पदवी कधीच हाती आली नाही. त्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागाही हुकली. 1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. घरी पत्नी तहमीना, दरमहा बांधलेला पगार. एवढ्यावर दुसरा कोणी समाधानी राहिला असता. सालिम अलींनी अभ्यासासाठी रजा काढली आणि बर्लिन गाठले!

तिथे प्रोफेसर एर्विन श्ट्रेझेमान यांनी त्यांना शिष्य म्हणून जवळ केले. ब्रह्मदेशातून आलेले पक्ष्यांचे नमुने तपासण्याचे काम त्यांना मिळाले. म्हणजे तवायचे दिवस असे उपयोगी पडले पाहा.

पण विद्यार्थी मित्रांनो, खरी मौज हेल्गोलंडला. उत्तर समुद्रातले हे तांबड्या खडकाचे चिमुकले बेट. स्थलांतर करणारी पाखरे समुद्र ओलांडताना थकून तिथे उतरतात. झुडपांवर जाळीचे मोठे नरसाळे उभारलेले असते; पाखरू आत शिरले की वाट निमुळती होत जाऊन ते शेवटी पेटीत येते. मग पायात आकडा कोरलेले हलके कडे घालून त्याला सोडून द्यायचे. पुढे दूरच्या मुलखात ते कोणाला सापडले, म्हणजे त्याचा प्रवास कळतो. जीव न घेता जिवाची माहिती! लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने चिमणी टिपणार्‍या या माणसाने ही विद्या हातोहात शिकून घेतली.

1930 साली ते मायदेशी परतले, तो पैशाअभावी म्युझियममधील जागाच रद्द झालेली. नोकरी नाही, पदवी नाही. नवराबायको अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे ते रोज सुगरणीची घरटी निरखीत बसत. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तरच बाकीचे पुरे होते. आणि ती अंड्यांवर बसली की हे महाशय दुसरे घरटे विणायला मोकळे! हे निरीक्षण 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले.

तहमीनाबाई 1939 साली वारल्या. सालिम अली 1987 पर्यंत, म्हणजे नव्वदी गाठेपर्यंत कामात होते. 1959 नंतर भरतपूरच्या तळ्यांवर त्यांनी आणि सहकार्‍यांनी हजारो पाखरांना कडी घातली. त्यांतली काही बदके पुढे सोव्हिएत रशियाच्या मुलखात सापडली, पायातल्या मुंबईच्या पत्त्यासकट.