सायकलवरचे हृदयतज्ज्ञ

डॉ. पॉल डडली व्हाइट यांचा जन्म १८८६ साली अमेरिकेतील बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात झाला. वडील फॅमिली डॉक्टर होते. धाकटी बहीण मात्र संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊन लहान वयातच गेली. घशाच्या जंतुसंसर्गातून येणारा हा ताप थांबवणारे पेनिसिलिन तेव्हा नव्हते. हृदयरोग हाच पुढे व्हाइट यांचा आयुष्यभराचा विषय झाला.

लंडनमध्ये ईसीजीचे तंत्र शिकून ते १९१४ मध्ये बॉस्टनला परतले आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईसीजी सुरू केला. त्यांचा हृदयरोगावरचा ग्रंथ १९३१ मध्ये आला. पण नुसते निदान करून त्यांचे समाधान होईना. रोग होतो कशामुळे, हे निरोगी माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतल्याशिवाय कळणार नव्हते. १९४८ मध्ये फ्रेमिंगहॅम गावात असा अभ्यास सुरू झाला, त्याच्या उभारणीत व्हाइट यांचा वाटा होता. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान हे धोके त्यातूनच ठळक झाले.

फ्रेमिंगहॅममध्ये तिशीपुढचीच माणसे होती. रोगाची सुरुवात मात्र त्याआधीच होत होती. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये आला. त्यांचे सरासरी वय २२ होते, तरी चारांपैकी तिघांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बिघाडाच्या खुणा आढळल्या.

१९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला. व्हाइट यांनी पत्रकारांना सोप्या शब्दांत आजार समजावला आणि रुग्णाला पुन्हा कामाला लावले. हार्ट अटॅक म्हणजे सगळे संपले, ही लोकांची भीती त्यामुळे कमी झाली. स्वतः व्हाइट म्हातारपणीही चालत आणि सायकल चालवत. चालणे-फिरणे, बेताचे खाणे आणि आटोक्यातले वजन यांचा त्यांनी जन्मभर प्रचार केला.

१९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास लुइझियाना राज्यातील बोगालुसा गावात शाळकरी मुलांचा अभ्यास सुरू झाला. वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या मुलांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर अधिक असतात, हे त्यातून दिसले.

आज मुलाचा घसा वारंवार दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवून औषधांचा पूर्ण कोर्स करता येतो. मुलांचे वजन आणि रक्तदाब मोजता येतो. त्यांना रोज तासभर मैदानावर किंवा सायकलवर पाठवता येते. व्हाइट यांच्या बहिणीच्या वेळी यातले फार थोडे हाती होते.